चौथ्या पानावरचा माणूस

१

मानोंग तेरियोवर सतरा वार झाले होते. सार्जंट कुइसोनने फोनवर आकडा सांगितला आणि घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, शोधाशोध करायची गरज नाही. तुमचा वेडा प्रेताशेजारीच बसलेला सापडलाय."

बुधवारची सकाळ होती, आठ वाजले होते. मी प्रोबेशन ऑफिसर आहे. गुन्हा शाबीत झाला पण कोर्टाने तुरुंगात न घालता अटींवर घरी सोडलं, अशी माणसं माझ्या गळ्यात असतात. सध्या एकशे बारा आहेत. त्यातली डोक्याने आजारी किती, असं वरून दरवर्षी विचारतात आणि मी दरवर्षी पंचवीस लिहून मोकळी होते. मोजायला कोण बसलंय?

मानोंग तेरियो बहात्तर वर्षांचे, निवृत्त मास्तर; मानोंग म्हणजे थोरला दादा, सगळं गाव त्यांना तसंच म्हणायचं. तिनाबो गावातल्या माझ्या बारा माणसांवर ते फुकटात लक्ष ठेवायचे. आणि 'तुमचा वेडा' म्हणजे आनिसेतो, सगळे त्याला सेतोय म्हणतात. सव्वीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी डोक्यातल्या आवाजांच्या भरात त्याने बहिणीच्या नवऱ्यावर कोयता उगारला आणि खांदा फाडला. 'औषध चालू असेल तर याच्यापासून कुणाला धोका नाही,' असा अहवाल मी कोर्टाला दिला, म्हणून तो तुरुंगाबाहेर होता. रोज गोळ्या, दर बुधवारी सकाळी सातला मास्तरांकडे हजेरी, दर शनिवारी गावच्या कप्तानाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, हाताखाली सार्वजनिक काम, अशा त्याच्या अटी.

"जिवंत आहे ना तो?" मी विचारलं.

"लोकांनी वल्ह्यांनी झोडपलाय. श्वास चालू आहे. पण तुम्ही या लवकर. ते आता त्याच्या बहिणीचं घर पेटवायचं म्हणताहेत."

२

मास्तरांचं घर चढावर, तांबड्या मातीच्या अंगणात. मार्च महिना, सगळीकडे धुरळा. मी आत पाऊल टाकलं. एकतीस वर्षांत मी पुष्कळ रक्त कागदावर वाचलंय, हे जमिनीवर होतं. मास्तरांनी हात वर धरला असावा, कारण डाव्या हाताची तीन बोटं टेबलाखाली पडली होती. मानेवरचा वार हाडापर्यंत गेला होता. कोयता त्यांचाच, नारळ सोलायचा, भाताच्या पातेल्यात उभा खुपसलेला. ज्या माणसाने आयुष्यात पोराच्या हातावर छडी मारली नाही त्याचे हे हाल पाहून मला बाहेर जाऊन उलटी झाली.

परत आले तेव्हा सार्जंटने दोन गोष्टी दाखवल्या. कपाटाचा उभा आरसा वरपासून खालपर्यंत करड्या चिखलाने माखला होता. आणि उंबऱ्यावर मिठाची जाड रेघ ओतली होती.

"शहाणा माणूस खून करून आरसा लिंपत बसेल का, मॅडम?"

आरसा, चिखल, मीठ, हे मी कुठेतरी पाहिलंय असं राहून राहून वाटत होतं. चिखल अजून ओला होता आणि त्याला खाऱ्या पाण्याचा कुजकट वास येत होता.

मास्तरांची पत्र्याची पेटी उघडी होती. आत माझ्या माणसांच्या फायली नावांच्या क्रमाने लावलेल्या. अहवालाची प्रत गावातल्या मदतनिसाला देणं नियमात बसत नाही, पण मास्तरांना मी द्यायचे. मी फायली मोजल्या, अकरा भरल्या. सेतोयची नव्हती.

"खाल्ली असेल त्याने," सार्जंट म्हणाला.

अंगणात कप्तान दामासो लोकांना शांत करत उभा होता. गावाने तीनदा निवडून दिलेला, धिप्पाड, मऊ बोलणारा माणूस. सकाळी साडेसातला मास्तरांना मासे द्यायला तोच आला होता, आणि पहिली आरोळी त्याचीच. मला पाहून त्याने टोपी काढली. अशा माणसांना तुम्ही लोक गावात आणून सोडता आणि निस्तरायचं आम्ही, असं तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. कुणीतरी माझ्या पायाशी थुंकलं. शनिवारी मास्तरांना मूठमाती देऊ, एका म्हाताऱ्याने बजावलं, तोवर सेतोयच्या बहिणीचं घर रिकामं झालं नाही तर आत माणसं आहेत की नाहीत हे आम्ही बघणार नाही.

३

सेतोयला सरकारी दवाखान्यात खाटेला बेडी घालून ठेवलं होतं. एक डोळा बंद, खालचा ओठ दोन ठिकाणी फाटलेला, तीन बरगड्या मोडलेल्या. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने मला बाजूला घेतलं.

"पाठीवरचे सगळेच वळ आजचे नाहीत," ती म्हणाली. "काही महिन्याभराचे आहेत, काही त्याहून जुने. बारीक, सरळ. वल्ह्याचे नाहीत. वेताचे असतील."

मी हं म्हटलं. वेत कुणाचा, हे तेव्हा मी विचारलं नाही.

पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूंची यादी भिंतीला टाचली होती. गोळ्यांचं पाकीट, त्यातल्या बुधवारपर्यंतच्या गोळ्या घेतलेल्या. अर्धा पांदेसाल पाव. कंगवा. एक गोल खिशातला आरसा. तळपायांना तांबडी माती आणि रक्त.

सेतोय मला नांग मेदिंग म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. त्या दिवशी त्याने आधी हाक मारली नाही. फाटक्या ओठांनी म्हणाला, "मानोंग तेरियो गार पडत होते. मी हात धरून बसलो. एकटं कसं सोडायचं?"

"अजून कुणी होतं तिथे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुम्हाला सांगून काय उपयोग, नांग मेदिंग? मागेही सांगितलं होतं."

काय सांगितलं होतं ते मला आठवेना. एकशे बारा माणसं दर महिन्याला काही ना काही सांगत असतात.

४

त्याच दिवशी दुपारी मी बेनसोनकडे गेले. सेतोयने खांदा फाडला तो हाच मेहुणा. डूख धरायला याच्याइतकं कारण गावात दुसऱ्या कुणाला नव्हतं. घरासमोर तो जाळं विणत बसला होता, मांडीजवळ कोयता. बायको, म्हणजे सेतोयची बहीण मर्लिता, आत बोचकी बांधत होती.

"मी मारीन त्याला कधीतरी," बेनसोन सरळ म्हणाला. "उजवा हात अजून डोक्याच्या वर जात नाही माझा. पण मास्तरांना कशाला मारू? आणि त्यानेही मारलं नाही."

"हे कसं कळलं तुला?"

"एका घरात राहतो मॅडम आम्ही. बिघडायला लागला की तीन दिवस आधी कळतं. आरसा खिशातून निघायचा थांबतो. एरवी दिवसातून शंभरदा बघतो. माझं तोंड जागेवर आहे का, मर्लिता, असं विचारतो. आम्ही म्हणतो आहे बाबा. मग गप जेवतो. आज सकाळीही पाहिला त्याने आरसा, पाव खाता खाता."

मी विचारलं, इथे कधी आरशाला चिखल वगैरे फासला होता का? उंबऱ्यावर मीठ? मर्लिता आतून बाहेर आली. तिच्या हातात भांडी होती आणि चेहऱ्यावर राग. "आरसा फोडला तर त्याचा जीव जाईल, आणि तो चिखल फासेल? कोण म्हणतं असं?"

कुणीच म्हणत नव्हतं. तोवर तरी.

५

गुरुवारी मी कप्तान दामासोकडे गेले. तो त्याच्या मत्स्यतळ्यावर होता. खाडीलगत दोन नवे बांध घातलेले, करड्या चिखलाचे, सुबक. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून तो तिथे उभा होता. त्याने मला खुर्ची दिली, शहाळं सोलून दिलं, मास्तरांच्या आठवणी काढून डोळेही पुसले. सेतोयचं शनिवारचं काम कसं चाले, मी विचारलं. रस्त्याकडेची गटारं साफ करतो, तो म्हणाला, सह्या माझ्याच आहेत की तुमच्या कागदांवर.

"तुम्हाला वाटतं त्यानेच मारलं?"

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, मी काय सांगणार? चिन्हंच सांगतात ना. बहिणीच्या घरीही झटका आला की तो हेच करायचा. आरशाला चिखल, उंबऱ्यावर मीठ. गावात कोणाला माहीत नाही?"

मी शहाळं संपवलं, आभार मानले आणि घरी गेले. मर्लिता खोटं बोलते की कप्तान, एवढंच मी त्या दिवशी मनात घोळवत होते. बहिणीची माया आंधळी असते, म्हणून माझा काटा कप्तानाकडे झुकत होता. हे सांगायला लाज वाटते, पण तसं होतं खरं.

६

शुक्रवारी सकाळी सार्जंट कुइसोन एक पाकीट घेऊन माझ्या कचेरीत आला आणि विजयी चेहऱ्याने समोर बसला. कोर्टातली अहवालाची प्रत. न्यायाधीश दोन महिने शस्त्रक्रियेसाठी राजधानीत, म्हणून मोहोरबंद पाकीट त्याने बदली न्यायाधीशाची परवानगी काढून आत्ताच फोडलं होतं.

"पान चार," तो म्हणाला. "तुमचेच शब्द, मॅडम."

मी वाचलं. 'आजार बळावला की हा इसम आरशाला घाबरतो. घरातले आरसे चिखलाने लिंपतो व उंबऱ्यावर मीठ ओततो.' खाली माझी सही.

"आता बोला. दीड वर्षापूर्वी तुम्हीच लिहून ठेवलंत. फाशी आपल्याकडे नाही, नाहीतर या पानावर झाली असती."

मी उठले, कपाटाच्या तळातून दोन वर्षांपूर्वीची एक फाईल काढली आणि तिचं चौथं पान उघडून त्याच्या पानाशेजारी ठेवलं. डोमेंग, मेणबत्त्या करणारा. आरशाला घाबरायचा, उंबऱ्यावर मीठ ओतायचा. गेल्या वर्षी त्याने गळफास घेतला. पान तेच होतं. ओळी त्याच, स्वल्पविरामही तेच.

सार्जंटने दोन्ही पानं तीनदा पाहिली. "म्हणजे?"

म्हणजे असं की आठवड्याला सहा अहवाल लिहायचे असतात. नाव बदलायचं, वय बदलायचं, गुन्हा बदलायचा. मानसिक अवस्थेचं पान कोण वाचतं? वेड इथूनतिथून सारखंच, असं मी एकतीस वर्षं धरून चालले होते. सेतोयच्या अहवालात डोमेंगचं पान तसंच राहून गेलं. मी ते वाचलंही नव्हतं.

"सार्जंट," मी म्हटलं, "सेतोयने आयुष्यात आरशाला चिखल लावला नाही. आरसा त्याचं औषध आहे, तुमच्या यादीत पाहा. ही सवय एका मेलेल्या माणसाची. ती सेतोयची आहे असं जगात फक्त एका ठिकाणी लिहिलंय. ज्याने तो आरसा माखला, तो सेतोयला ओळखत नव्हता. तो हे पान ओळखत होता."

"पान कुणी पाहिलं होतं?"

"मी. मोठ्या न्यायाधीशांनी. आणि मास्तरांची प्रत, जी पेटीतून गेली. तुम्ही हे पाकीट आज फोडलंत ना?"

"तासाभरापूर्वी."

"मग काल दुपारी कप्तान दामासोने मला हे पान तोंडपाठ कसं म्हणून दाखवलं?"

७

सार्जंट तसा वाईट नाही, आळशी आहे. पण एकदा उठला की उठतो. मला आता सगळंच दिसायला लागलं होतं, आणि दिसलेलं बघवत नव्हतं. करडा चिखल चढावरच्या तांबड्या अंगणातला नव्हे, तळ्यातला. सेतोयच्या पायांना मात्र निव्वळ तांबडी माती. नवे बांध. गटारं साफ करायला पाठवलेल्या माणसांनी कुणाच्या तळ्याचे बांध घातले? आणि कामावर वेत कुणाच्या हातात होता?

मी माझी भेटींची वही काढली. फेब्रुवारी महिना, सेतोयचं नाव. माझ्याच अक्षरात, लाल शाईत: 'कप्तान तळ्यावर राबवतो व मारतो असे सांगतो. भ्रम. गोळ्या वाढवण्याची शिफारस.'

वही मी सार्जंटच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवून त्याच्याकडे सरकवली.

"मास्तरांनी त्याच्यावर विश्वास ठेवला असणार," मी म्हटलं. "ते मला पत्र लिहीत असतील. जुने मास्तर, कार्बन लावल्याशिवाय सहीदेखील करायचे नाहीत. पत्र खुन्याने नेलं असेल, कार्बनपेपर नेला नसेल. त्याच्याकडे बघायचं सुचतं कुणाला? त्यांच्या कागदांच्या पॅडमध्ये पाहा."

दुपारी त्याने फोन केला. काळा कागद उजेडासमोर धरून त्याने मला अडखळत वाचून दाखवलं. 'प्रिय मेदिंग, तू ज्याला भ्रम म्हणालीस तो मी काल सेतोयच्या पाठीवर पाहिला. दामासोला मी उद्या सकाळी बोलावलं आहे. त्याने कबूल केलं तर ठीक, नाहीतर हे पत्र आणि सेतोयची फाईल घेऊन मी तुझ्याकडे येतो.'

८

शनिवारी दुपारी मास्तर आपल्याच अंगणातल्या मांडवात शवपेटीत निजले होते. भोवती कॉफी, बिस्किटं, पत्त्यांचे डाव. खून झालेल्या माणसाच्या पेटीवर आमच्याकडे कोंबडीचं पिल्लू सोडतात. ते चोच मारत राहतं आणि ती चोच खुन्याच्या काळजाला लागते म्हणतात. पिल्लू पेटीच्या काचेच्या झाकणावर टकटक करत दाणे टिपत होतं. अंगणाच्या टोकाला रॉकेलचे दोन डबे ठेवलेले मी पाहिले. बेनसोन आणि मर्लिताही आले होते. त्यांच्याशेजारी कुणी बसलं नव्हतं.

मी पेटीपाशी उभी राहिले आणि माझी चूक सगळ्यांना सांगितली. पान कसं उतरलं, कुणाचं कुणाला चिकटलं. लोक आधी गोंधळले, मग कुजबुजायला लागले. मग मी कप्तानाकडे वळले.

"कप्तान, सेतोय बहिणीच्या घरी आरसे लिंपायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लोक म्हणतात."

"सगळे लोक इथेच आहेत. एकाचं नाव घ्या."

त्याने मांडवावरून नजर फिरवली. म्हाताऱ्याने खाली पाहिलं, बाया आपसात पुटपुटल्या, पत्ते खेळणारे थांबले. कुणीही पुढे आलं नाही. पिल्लाची टकटक तेवढी चालू होती.

"तुम्ही मास्तरांना मारलंत," मी म्हटलं. "हातात सेतोयची फाईल होती. सात वाजता तो येणार हे तुम्हाला ठाऊक. वाचलंत, आणि बुटांचा चिखल आरशाला फासलात. मासे द्यायला तुम्ही आला होतात ना? मासे कुठे ठेवलेत? घरात एक मासोळी नव्हती. सव्वा वर्ष तो तुमच्या तळ्यात राबला, कप्तान. त्याच्या खिशात आरसा आहे हे तुम्हाला एकदाही दिसलं नाही?"

"वेड्यांच्या जिवावर नोकरी करणारी बाई," तो मऊ आवाजातच म्हणाला, "तू तरी त्यांचं ऐकतेस का?"

आणि चुलीजवळचा लाकडं फोडायचा कोयता त्याने उचलला. तो माझ्यावर आला तेव्हा मी हललेसुद्धा नाही, पाय जागचे सुटलेच नाहीत. मध्ये सार्जंटचा हात आला. कोपराखाली मांस उघडं पडलं आणि रक्त कॉफीच्या कपांवर उडालं. दुसरा वार पेटीच्या काचेवर बसला. तिसरा बसलाच नाही, कारण बेनसोनने डाव्या हाताने बाक उचलून त्याच्या कवटीवर आपटला होता, आणि तो पडल्यावरही तीनदा आपटला. मर्लिताने नवऱ्याला मिठी मारून मागे ओढलं, नाहीतर त्या दिवशी दुसरी पेटी लागली असती. मग मात्र सगळं गावच कप्तानावर तुटून पडलं. तेच हात आणि तीच वल्ही होती. सार्जंटने एका हाताने हवेत गोळी झाडली तेव्हा कुठे थांबले.

दामासो वाचला. दोन महिन्यांनी त्याने कबुली दिली. तळ्याच्या कडेला पुरलेले फाईलचे तुकडे त्यानेच दाखवले.

९

मी कोर्टाला लिहून दिलं की चौथं पान खोटं आहे आणि अशी आणखी किती आहेत मला माहीत नाही. आता माझे सगळे अहवाल तपासताहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, ती मिळतील की नाही ठाऊक नाही. बरोबरचे म्हणतात, कशाला ओढवून घेतलंस, आम्ही सगळे तेच करतो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एप्रिलमध्ये सेतोय हजेरीला आला, बरगड्यांना पट्टा बांधून. मी कोरा कागद घेतला, वर 'पान चार' लिहिलं आणि म्हटलं, तू सांग, मी लिहिते. त्याने सांगितलं. आवाज कधी येतात, कुठल्या गोळीने तोंड कोरडं पडतं, आरसा का लागतो. दोन तास लागले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते पान मी माणूस समोर बसवून लिहिलं.

शेवटी तो म्हणाला, "फेब्रुवारीत मी सांगितलं तेव्हा काय लिहिलं होतंत? वाचून दाखवा."

मी वही काढली आणि वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. तो चिडला नाही. खिशातला आरसा काढून त्याने त्यात पाहिलं, परत खिशात ठेवला आणि अगदी खरोखर मदत करायची म्हणून विचारलं.

"नांग मेदिंग, पुढच्या वेळी असं काही असलं तर मी बरोबर एखादा शहाणा माणूस घेऊन येऊ का? म्हणजे तुम्हाला खरं वाटेल."